सुक्या तळ्यावरची नाव

ज्ञानबानं शेडचं दार ढकललं, पण त्याला मान वर करवेना.

त्र्याहत्तरच्या दुष्काळाचा उन्हाळा होता. सोलापूरबाहेरचं ते तळं तळापर्यंत भेगाळलं होतं आणि नौका मंडळाची आठ वल्ह्यांची नाव दोन महिने या पत्र्याखाली पालथी पडून होती. ती बांधणारा निंगप्पा सुतार तेव्हाच म्हणाला होता, "रोज ओलं गोनपाट टाकाया पायजे. लाकूड वाळलं की सांदं उकलत्यात."

ज्ञानबा मंडळाचा कॅप्टन. त्यानंच मनाई केली होती. "चाळीत मानसाला घोटभर पानी न्हाय, आन् लाकडाला पाजायचं? जमनार न्हाय."

त्यानंतर तो इकडं फिरकलाच नव्हता. मिलमधल्या आठ जणांनी पाळ्या सांभाळून, घाम गाळून उभी केलेली नाव अशी मरताना त्याला बघवली नसती. आज रात्रपाळी सुटल्यावर मात्र तो सरळ इथं आला. संध्याकाळी मंडळाची बैठक होती. नाव गेली, आता तिच्या फळ्या सोडवायच्या, हे कुणीतरी सांगायला हवंच होतं.

त्यानं नावेवर हात ठेवला आणि चटकन मागं घेतला. नावेवर गोणपाट अंथरलेलं होतं आणि ते ओलं होतं. चिंब ओलं.

ज्ञानबाचं डोकं सणकलं. तेवढ्यात बाहेर बांगड्या वाजल्या. दारात त्याची बायको अंबुबाई उभी, हातात बादली. मागं निंगप्पाची दानम्मा आणि चाळीतल्या आणखी काही जणी, सगळ्यांच्या हातात बादल्या.

"कुनाच्या घागरीतलं पानी हाय हे?" ज्ञानबा ओरडला.

"घागरीतलं न्हाय," अंबुबाई म्हणाली. "तुमच्या अंगावरचं हाय."

"म्हंजी?"

"घमेल्यात उभं ऱ्हाऊन न्हाताय न्हवं? त्येच."

"ते तर तू दारातल्या लिंबाला घालतीस!"

"लिंब काय वल्हं मारनार हाय व्हय?"

बायका हसल्या. दानम्मानं बादली पुढं केली. पाण्यावर साबणाचा फेस होता. "हौदु, व्हय, आमच्या ह्यांचं बी. आठी घरचं हाय."

"मला इचारलं का न्हाय?"

"तुमी न्हाय म्हनला आसता." अंबुबाईनं बादली खाली ठेवली. तिचा आवाज उतरला. "शर्यतीत पुन्याच्या लोकांना हरवून आलासा, तवा दुसऱ्या दिशी मिलमधी कुनी तुमाला 'ए ज्ञानबा' म्हनून हाक मारली न्हाय. ज्ञानबाराव म्हनले. डबा घिऊन आलती मी, माझ्या कानानं ऐकलंय. आन् ती नाव वाळू द्यायची?"

ज्ञानबानं गोणपाट बाजूला सारलं आणि दोन फळ्यांच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवत गेला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नख कुठंच आत शिरलं नाही.

संध्याकाळी चाळीच्या अंगणात सगळे जमले. पुरुष पुढं, बायका मागं भिंतीला टेकून. निंगप्पा मान खाली घालून बसला होता. ज्ञानबा उभा राहिला.

"नाव शाबूत हाय," तो म्हणाला. "आपल्या बायकांनी राखली."

क्षणभर कुणालाच समजेना. मग निंगप्पानं मान वर केली, दानम्माकडं पाहिलं आणि पहिली टाळी त्यानं वाजवली. मग सगळं अंगण टाळ्या वाजवू लागलं.

"टाळ्या ऱ्हाऊ द्या," मागून अंबुबाईचा आवाज आला. "शेड मावळतीकडनं उगडी हाय. सांजचं ऊन तितनंच लागतंय नावंला. आदी तितं बांबूच्या तट्ट्या बांदा. कोन येतंय?"

ज्ञानबा कॅप्टन होता. सगळ्यांत आधी तो उठला.