तन्वीची मूठ

सोफ्याच्या कडेवर बसून मधुरिमाने वही उघडली आणि मितालीला सरळच विचारलं, घरी तन्वीला कोणी मारतं का.

मितालीचे सासरे कृष्णराव खिडकीतून राजेंद्र नगरचा रस्ता पाहू लागले.

मधुरिमाने नोंदी वाचून दाखवल्या. तन्वी चार वर्षांची, जन्मापासून अंध. अंध मुलांच्या केंद्रात तीन महिने मधुरिमा स्वतः तिला स्पर्शाचे धडे देत होती. कापूस, काथ्या, पॉलिशपेपर, ओली माती; रोज मोजून वीस मिनिटं. आई असली की मुलं लाडात येतात, म्हणून मिताली बाहेर बसे. पहिल्या आठवड्यात तन्वी बोटं फिरवायची. आता मूठच उघडत नव्हती, आणि ती उघडली नाही तर जूनमध्ये ब्रेलच्या वर्गात जागा नव्हती. केंद्रात सगळं ठरल्या पद्धतीने चाललं होतं. म्हणजे कारण घरातच असणार.

“मी एक चापट मारली होती,” कृष्णराव म्हणाले. “गॅसजवळ गेली होती. बस, एकदाच. अजून शरम वाटते.”

मधुरिमाने ते लिहून घेतलं. मिताली खाली मान घालून सांगत राहिली की आजोबा तर तिला रोज शेंगा सोलायला घेऊन बसतात, ती झरझर सोलतेही. मधुरिमाने ते लिहिलं नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीतून तन्वीचा आवाज आला. ती बाहुलीशी खेळत होती.

“हात दे इकडे. मूठ खोल. खोल म्हटलं ना? रडलीस तर मम्मीकडे नाही जाऊ देणार.”

कोणी कोणाकडे बघेना. कृष्णरावांचे कान लाल झाले.

“असं आमच्याकडे कोणी नाही बोलत, मॅडमजी,” मिताली पुटपुटली.

“मुलं मनाने काही रचत नाहीत,” मधुरिमा शांतपणे म्हणाली. “जे सोसतात तेच खेळतात. तुम्हीच विचारा तिला. मी बोलणार नाही.”

ती पेन उघडून दाराशी उभी राहिली. आत तन्वी बाहुलीचं मनगट घट्ट धरून तिचा हात फरशीवर घासत होती. मिताली तिच्याशेजारी बसली.

“ही कोण गं, बेटा?”

“तन्वी.”

“आणि तू? तू कोण झालीस?”

“मी मधुरिमा मॅडम.”