ठेंगणं दार

"अहो, वाका!" कुमुदताई ओरडल्या, पण तोवर भालचंद्ररावांचं कपाळ चौकटीवर आपटलंही होतं.

अमेरिकेतल्या त्या राष्ट्रीय उद्यानात, रान तोडून पहिल्यांदा वस्ती केलेल्या एका कुटुंबाचं ओंडक्यांचं घर जपून ठेवलं होतं. ते दाखवायला केतकीनं वडिलांना आणि त्यांच्या नव्या बायकोला आणलं होतं. आई गेल्यावर बाबांनी पुन्हा लग्न केलं, हे तिला फोनवर कळलं होतं. दोघं येऊन आठवडा झाला, तरी तिनं कुमुदताईंना कसलीच हाक मारली नव्हती. "चहा हवाय का?" असं ती भिंतीकडे बघून विचारायची.

आत एकच खोली होती. एकमेकांपासून लांब उभं राहायला तिथे जागाच नव्हती. कुमुदताईंनी भालचंद्ररावांना बाकावर बसवलं आणि रुमाल ओला करून कपाळावर धरला.

"फारच ठेंगणं दार आहे यांचं," ते कुरकुरले.

"दाराला काय बोलता? तुम्हालाच वाकायची सवय नाही."

"आईसुद्धा हेच म्हणायची," केतकी बोलून गेली.

कुमुदताईंनी वळून पाहिलं. "हो? मग त्यांना जन्मभर जमलं नाही, ते मला काय जमणार!"

केतकीला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले.

"मला टेंगूळ आलंय आणि तुम्ही दोघी हसताय?" भालचंद्रराव म्हणाले.

"बाबा, तुम्ही हलू नका," केतकी पुढे झाली. "मावशी, तुमचा हात दुखेल. आणा, मी धरते."