काचेतलं गाढव

पुलाखालच्या भिंतीवर पुठ्ठ्याच्या साच्यातून फवारलेलं, जीभ काढून दाखवणारं गाढव दर सोमवारी उगवायचं. नगरपालिकेचा रंगारी पांढऱ्या रंगाचा हात मारून त्याला गडप करायचा. पुढच्या सोमवारी गाढव पुन्हा हजर!

"कार्टं कुणाच्या बापाला ऐकत नाही," मुकादम वैतागायचे.

"बापाला तर नाहीच," रंगारी म्हणायचा.

मग एके दिवशी गाढव कलाकृती ठरलं. मुकादमांनी स्वतः उभं राहून त्याच्यावर काच बसवून घेतली.

"सुटलात काका! आता पुसायची कटकट नाही."

"बरं झालं," रंगारी म्हणाला.

घरी येऊन त्याने पोराचा साचा माळ्यावर टाकला. पोराला जाऊन वर्ष उलटलं होतं. तेव्हापासून रविवारी फवारणाराही तोच आणि सोमवारी पुसणाराही तोच. बापलेकांचं तेवढं एकच भांडण उरलं होतं. आज तेही मिटलं.