खंडेनवमीचा मिक्सर

खंडेनवमीला सकाळीच सासूबाई आमच्या पोरीला म्हणाल्या, "घरात जे जे राबतं, त्याला हळदकुंकू लाव." मी पुरण शिजवून बाहेर आले, तर देवापुढच्या चौरंगावर माझा मिक्सर सुटा करून मांडलेला. मोटर, वायर, स्क्रू, सगळ्यांना कुंकू लावलेलं. मी ओरडणार, तोच ती सहा वर्षांची बाई शांतपणे म्हणाली, "राबते आतली मोटर. मग कुंकू झाकणाला कशाला?" देवळालीहून नणंद जेवायला यायची होती आणि चटणी वाटायची राहिली होती. मी मोटर उचलायला वाकले, तर सासूबाईंनी हात धरला. "पूजलेलं आज हलवायचं न्हाई." रागवावं कुणावर, तेच कळेना. शेवटी पाटावरवंटा धुऊन मी चटणी वाटायला बसले. घाम पुसत वर पाहिलं, तर पोरगी समोर. एका हातात कुंकवाची वाटी, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर. "आई, आता तू."