घर पसंत आहे

ट्युनिशियातल्या नाबुलमधलं घर विकून लेकीकडे राहायला जायचं, असं मनूबियानं अखेर ठरवलं. नवऱ्याचा, सादोकचा, विसराळूपणा वाढत चालला होता आणि तिला एकटीला ते झेपेना.

"मावशी, भिंतींवरचे फोटो काढून ठेवा," दलाल म्हणाला. "बघायला येणाऱ्याला घर आपलंच वाटलं पाहिजे."

तिनं लग्नाचा, लेकीचा, नातवंडांचा, सगळे फोटो उतरवले. भिंतींना चुना लावला आणि घर दरवळावं म्हणून नारिंगाच्या फुलांचं पाणी शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी एक जोडपं घर बघायला आलं. सादोकही त्यांच्या मागोमाग खोल्याखोल्यांतून हिंडला. त्यानं खिडक्या उघडून पाहिल्या, नळ सोडून बघितला. "कळवतो," म्हणून जोडपं निघून गेलं.

मनूबिया चहा ठेवायला वळली, तसा सादोक अदबीनं पुढे आला.

"तुमचं घर पसंत आहे, बाई."

"पुरे झाली चेष्टा, म्हाताऱ्या!" ती हसली.

तो मात्र हसला नाही.


"चेष्टा कसली? फक्त एकदा माझ्या बायकोला दाखवतो. तिला विचारल्याशिवाय मी कधीच कुणाला शब्द देत नाही."