चादर झटकणारी बाई

आपल्या लेकाइतका निर्दयी माणूस माईंनी पाहिला नव्हता. सकाळपासून आईला नुसता झुलवत होता. "पाचच मिनिटं गं आई," म्हणे. भर दुपारी खिडक्यांचे पडदे ओढून, दिलेला चहा गार करून, हा टीव्हीतल्या माणसांच्या गालांवरचे ठिपके पुसत बसलेला. आणि याचा पगार मिळतो, हे माई चारचौघांत सांगायच्याच नाहीत.

जुने सिनेमे धुऊनपुसून घरी बघायच्या डिस्कवर आणायचे, हे त्याचं काम. आज हाताशी आलेल्या सिनेमात एक माणूस डोक्यावर खुर्ची घेऊन सव्वादोन तास गावभर हिंडतो आणि शेवटी तिच्यावर बसतही नाही. शिकलेली माणसं याला अभिजात म्हणतात. माईंना त्या खुर्चीशी काही देणंघेणं नव्हतं. तो माणूस एका गल्लीतून जातो, तेव्हा वरच्या मजल्याच्या खिडकीत एक बाई चादर झटकते आणि हसते. ती गल्ली माईंच्या सासरची. खिडकी माईंच्या घराची. आणि बाई म्हणजे माई.

असं माईंचं म्हणणं. धाकट्या जाऊबाईंचं म्हणणं, ती बाई म्हणजे धाकट्या जाऊबाई. शूटिंगच्या दिवशी दोघी नव्या सुना हौसेहौसेने आळीपाळीने चादरी झटकत होत्या. सासूबाईंनी पाहिलं आणि "सिनेमावाल्यांपुढे नाचताय?" म्हणत दोघींना खाली भांड्यांवर बसवलं. तोवर कुणाची चादर फिल्ममध्ये गेली, देव जाणे. सिनेमाच्या जुन्या कॅसेटवर नुसता एक पांढरा डाग हलायचा आणि वर तोंडाच्या जागी बटाटा. त्या बटाट्यावरून दोघींनी उभा जन्म भांडणात काढला होता. शेजाऱ्यांना सांगून झालं, नातवंडांना सांगून झालं, व्याह्यांना तर दोघींनीही वेगवेगळं गाठून सांगितलं होतं. माघार घ्यायला आता जागा उरली नव्हती.

धाकटी आज ठेवणीतले कपडे घालून, पावडर लावून आली होती.

"सिनेमा जुना आहे, आता नटून काय उपयोग?" माई म्हणाल्या.

"ओळख पटवायला आलेय ताई. चेहरा ताजा नको?"

तेवढ्यात लेकाने हाक मारली. दोघी दारात एकमेकींना कोपर लावतच आत शिरल्या. गल्ली आली, खिडकी आली, चादर आली. आणि बटाट्याच्या जागी चक्क चेहरा! गुळगुळीत, सोललेल्या अंड्यासारखा.

"मीच!" माई ओरडल्या.

"मीच!" धाकटी त्याच दमात.

"तुझे गाल असे कधी होते गं?"

"आणि तुमचे? माझ्या लग्नात लोक मला विचारत होते, ही सुकलेली कोण म्हणून."

लेक हसून हसून खुर्चीतून घसरायचा बाकी होता. "अगं, हे गाल कुणाचेच नाहीत! फिल्मवर बारीक दाणे असतात, ते पडद्यावर खरखरीत दिसतात. आमच्या मालकांना ते खपत नाही, म्हणून मशीनने घासून काढलेत. दाण्यांबरोबर चेहऱ्यावरचंही बरंच जातं. थांबा काकू, न घासलेलं दाखवतो. एकदाचं मिटू दे."

त्याने दुसरं चित्र लावलं. ते थरथरत होतं, वर बारीक वाळू भुरभुरल्यासारखं. माई चष्मा पुसायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. पुसायची गरजच नव्हती. नाकापासून हनुवटीपर्यंत दोन खोल रेघा. डाव्या भुवईला चिरत गेलेला व्रण. भांगाजवळ पांढरी बट. समोरचा एक दात गायब, आणि ती फट अख्ख्या गल्लीला दाखवत बाई खदाखदा हसत होती. चादर तर अशी झटकत होती, की आता तिच्याबरोबर स्वतःही उडणार.

"सासूबाई!" धाकटीच्या तोंडून कसाबसा शब्द निघाला.

"आजी? ही माझी आजी?" लेक उठून उभाच राहिला.

त्याच्या जन्माआधीच त्या गेल्या होत्या. फोटोला कधी बसल्या नव्हत्या. आणि अशा हसताना तर त्यांना दोन्ही सुनांनीही कधी पाहिलं नव्हतं.

माईंचा उतरलेला चेहरा पाहून लेकाने आवाज खाली आणला. "आई, आज संध्याकाळी यातलं एक पुढे जायचंय. मालकांना गुळगुळीतच आवडलंय, फक्त माझ्या शब्दावर अडलंय. तेच पाठवतो. तुम्ही सगळ्यांना सांगितलंय ते तसंच राहील. कुणाला कळायचं नाही."

धाकटीने पटापट मान हलवली. दोघींची अब्रू त्या अंड्यात शाबूत होती.

माई टीव्हीजवळ सरकल्या. "परत लाव," एवढंच म्हणाल्या.

त्याने लावलं.

"परत."

तिसऱ्यांदा ती दाताची फट दिसली आणि धाकटीचे खांदे गदगदायला लागले. "गप गं," म्हणत माईंनी तिला चिमटा काढला, आणि स्वतःच फुटल्या. दोघी एकमेकींना धरून हसत सुटल्या. हसता हसता धाकटीची पावडर डोळ्यांतल्या पाण्याने वाहून गेली.

"पण ताई," ती धापा टाकत म्हणाली, "व्याह्यांना आता काय सांगायचं?"

"सांगायचं, आमची सासू सिनेमात आहे. तुमची आहे का?"

लेक अजून बटणावर बोट ठेवून उभा होता. "मग आई, कुठलं पाठवू?"

माई त्याच्याकडे वळल्या.

"विचारतोस काय? आम्हाला भांडी घासायला बसवून ही वर नाचत होती! तिच्या तोंडावरून बोळा फिरवलास तर याद राख. जन्मात एकदा सापडलीय."