ठणठणीत कढीपत्ता

तिकडे लेकीला कळा सुरू झाल्या आणि इकडे घराचं दारच उघडेना. कुमुदमावशी नुसत्या येरझारा घालत होत्या.

"मावशी, बोट टेकवा," दार म्हणालं. त्यांनी दहाव्यांदा टेकवलं. "जीवनसत्त्वं कमी आहेत. बाहेर सोडता येणार नाही. रोजची गोळी घेता ना?"

"घेते रे मेल्या, तुझी शपथ!"

कसली घेतात! वर्षभर सगळ्या गोळ्या त्यांनी कढीपत्त्याच्या कुंडीत खुपसल्या होत्या, आणि झाड छताला टेकलं होतं. चिडून मावशींनी एक पान ओरबाडलं आणि बोटाऐवजी तेच दाबलं.

"वा मावशी, एकदम ठणठणीत!" दार उघडलं.

मावशींनी घाईघाईने आणखी मूठभर पानं पदराला बांधली. लिफ्ट, रिक्षा, इस्पितळ, सगळी दारं बोटच मागणार होती.